भट्टी, बाबा आणि लाल तार

१७ ऑक्टोबर
तार बसवली! भट्टीतल्या थर्मोकपलपासून, म्हणजे उष्णता मोजणाऱ्या कांडीपासून, थेट खोलीतल्या भिंतीवरच्या मीटरपर्यंत. साधी तांब्याची तार इथे चालत नाही. जोड तापला की आकडा खोटा येतो. म्हणून ही खास तार, थर्मोकपलशी जुळणारी. अख्ख्या गावात कुणा कुंभाराकडे नाही! बाबा म्हणाले, "चाळीस वर्षं भट्टीच्या भोकातून आगीचा रंग बघून ताटल्या भाजल्या. आता भिंत मला शिकवणार?"

२१ ऑक्टोबर
फजिती. रिकामी भट्टी पेटवून पाहिली. आत चाचणीसाठी ठेवलेल्या खापरीवरची झिलई वितळली तरी आकडा मागेच! शेजारचा काल्मान लाकडं टाकता टाकता हसतोय — "पिरोश्का, तुझं यंत्र गारठलंय गं!"

२२ ऑक्टोबर
सापडलं! मी कामाला जाते त्या कारखान्यात लाल तार म्हणजे अधिक. या रिळात लाल म्हणजे उणे! दोन्ही टोकं उलटी जोडली होती, म्हणून गार असताना सगळं ठीक दिसलं. बदलली, पुन्हा पेटवली. आता खापरी आणि आकडा दोघांचं एकमत. माझी मीच पाठ थोपटून घेतली.

३० ऑक्टोबर
जिंकले!!
खरी भट्टी आज. संत मार्टिनच्या जत्रेत विकायच्या सगळ्या ताटल्या आत, वर्षभराची मेहनत. जास्त तापली तर ताटल्यांवर रंगवलेली निळी फुलं ओघळणार.
आकडा नऊशे ऐंशीवर आला. मी म्हटलं, "बस." बाबा भोकाला डोळा लावून — "अजून काळपट आहे. टाक रे काल्मान." काल्मान एकदा माझ्याकडे बघतो, एकदा त्यांच्याकडे. मी त्याच्या हातातलं लाकूडच धरलं. "आधी खापरी काढा, बाबा!"
काढली. गार होऊ दिली. बाबांनी नुसता अंगठा फिरवला तिच्यावर. चांगली वितळून गुळगुळीत झालेली. "भट्टीचं तोंड बंद करा," एवढंच म्हणाले आणि घरात गेले.
काल्मानने घरची पालिंका पाजली, फळांची कडक दारू. "वेंडेलदादांना आजवर कुणी अडवलं नव्हतं, बाई!" मी संध्याकाळभर मान ताठ करून फिरतेय. का फिरू नये?

२ नोव्हेंबर
भट्टी उघडली. एकही फूल ओघळलं नाही. एकही!

४ नोव्हेंबर
बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. आपणहून म्हणाले, ने. उजव्याने काहीच दिसत नाही, डाव्याने पुसट. दोन वर्षं लपवलं! बसमध्ये सगळ्यांसमोर ओरडले मी त्यांच्यावर. मग बाबा म्हणाले, "मला कुणी हरवल्याशिवाय मी त्या भोकापासून उठणार कसा, पोरी?"