राखीव प्रत, फक्त दोन तास

३ मार्च, सोमवार. सकाळी ७
आजपासून नवा माणूस. २८ तारखेला अ‍ॅनाटॉमीचा पेपर. तिसरा आणि शेवटचा चान्स. उडालो तर कॉलेजातून नाव कटाप. ताई इथल्याच हॉस्पिटलात कॅज्युअल्टीची नर्स. तिने डीनपुढे हमीपत्रावर सही केली, तेव्हा कुठे हा चान्स मिळाला. संकल्प: रोज आठ ते आठ मेडिकल लायब्ररीत. मोठा अ‍ॅटलास तोंडपाठ.

दुपारी १
पोहोचेपर्यंत पावणेअकरा. अ‍ॅटलासची एकच प्रत, तीही राखीव कपाटात. वहीत नाव लिहायचं, दोन तास वाचायचं, परत ठेवायचं. आज ती बगळ्याकडे. बगळा म्हणजे फर्स्ट इयरचा एक उंच, हाडकुळा प्राणी. खुर्चीत एक पाय वर घेऊन बसतो. वाट बघून दमलो. घरी.

५ मार्च
पुन्हा बगळा. त्याच्यासमोरच ठाण मांडलं. आधी मान पिरगाळावी की हात मुरगळावा, यावर खोल विचार केला. मान आणि हात, दोन्ही सिलॅबसमध्ये आहेत. एकूण अभ्यास: दोन तास.

७ मार्च
नऊच्या ठोक्याला प्रत माझ्या हातात! सव्वानऊला जरा डोळे मिटून चिंतन केलं. डोळे उघडले तेव्हा बगळा माझ्या गालाखालून पुस्तक ओढत होता. म्हणे सव्वाअकरा वाजले. कॉलर धरून भिंतीवर आपटला. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटली, त्यातलं एक ग्रंथपाल बाईंच्या चहात पडलं. बाई म्हणाल्या की ही लायब्ररी आहे, आखाडा नाही. मी शांतपणे सांगितलं की सुरुवात त्याने केली. शांतपणे म्हणजे टेबलावर मूठ आपटून.

१० मार्च
मास्टरस्ट्रोक. वहीत 'परत केले' लिहून सही ठोकली आणि प्रत शर्टात घालून मागच्या खोलीत नेली. तिथे भिंतीकडे एक रॅक आहे. बाजूला खडूने मोठी लाल फुली. म्हणजे प्रथमोपचाराची पुस्तकं असणार. तिकडे चिटपाखरू फिरकत नाही. तिसऱ्या फळीवर, जाड पुस्तकांच्या मागे ठेवली. आता पुस्तक माझं एकट्याचं. पाहिजे तेव्हा वाचीन.

११ मार्च
बगळा कपाटं उपसतोय. रडकुंडीला आलाय. फार बरं वाटलं. अशा मनःस्थितीत वाचणं योग्य नाही.

१४ मार्च
चार दिवस विश्रांती. पुस्तक सुरक्षित असलं की अर्धा अभ्यास झाल्यासारखाच आहे. सोमवारपासून सपाटा.

१७ मार्च, सोमवार
रॅक रिकामं. एकूण एक पुस्तक गायब. फरशीसुद्धा झाडलेली!! एवढी सफाई करून चोरी करणारा एकच माणूस.

सायंकाळी ५
सायकल स्टँडवर गाठला. विचारलं नाही, सरळ ठोसा. नाकातून रक्त. दुसरा ठोसा चुकून सायकलच्या हँडलवर. मग त्याच्या लांब हातापायांचा उपयोग कळला. पोटात लाथ, कानाखाली दोन. मी त्याच्या दंडाला चावलो. तो आई गं ओरडत पळाला, म्हणजे मीच जिंकलो. माझी भुवई फाटली आणि एक दात हलतोय.

कॅज्युअल्टीत ताईच ड्यूटीवर. चार टाके तिने घातले. कोणाशी भांडलास, हे विचारलंच नाही. अभ्यास कसा चाललाय, एवढंच विचारलं. जोरात, म्हटलं. ताई हल्ली माझ्याशी फार जपून बोलते. भावी डॉक्टर म्हटल्यावर मान द्यावाच लागतो.

१९ मार्च
लायब्ररीतल्या लॉकरांपैकी बगळ्याचा क्रमांक कळला: ६२. लॉकरच्या मागच्या बाजूने लाथ मारून पाहिली. पत्रा जाड आहे. उद्या हातोडी.

२० मार्च. सकाळी ९
तीन घावांत कुलूप तुटलं. आत कंगवा, डबा आणि कागदांचा गठ्ठा. अ‍ॅटलासची चित्रं. हाताने काढलेली, प्रत्येक नस रंगवलेली, शंभरएक पानं. चोरीचा याहून मोठा पुरावा काय पाहिजे? सगळी फाडली. फाडताना दात-ओठ खात होतो, हलणारा दात तेवढ्यात पडला. आवाज ऐकून लायब्ररीचे अटेंडंट काका धावत आले. पोरा, थांब, म्हणत माझा हात धरला. मी झटकला. जोरात झटकला असेन. काका लॉकरवर आदळून खाली बसले. मनगट वाकडं झालं होतं. काडकन आवाज आला होता, तो मला अजून ऐकू येतो.

खाली बसल्या बसल्या त्यांनी विचारलं की एवढं कशासाठी. अ‍ॅटलास, मी म्हणालो. लाल फुलीच्या रॅकवर होता.  काका म्हणाले की लाल फुली म्हणजे रद्द. बाद झालेली पुस्तकं. पंधरा तारखेला ती सगळी लगद्याच्या कारखान्यात गेली. पोती त्यांनीच भरली. एक पुस्तक कोरं करकरीत दिसलं तेव्हा त्यांचा हात अडला होता, पण फुलीच्या रॅकवरचं काही काढायचं नाही, असा बाईंचा हुकूम.

२१ मार्च
डीनची केबिन. बगळा नाकाला पट्टी लावून. काका हात गळ्यात बांधून. ग्रंथपाल बाई. ताई युनिफॉर्ममध्ये, उभी. बगळ्याने सांगितलं की प्रत हरवल्यापासून तो आठवून आठवून चित्रं काढत होता, म्हणजे सगळ्यांनाच वापरता येतील. काकांनी पोलिसात जायला नकार दिला. म्हणाले, पोराचा पेपर होऊ द्या. लायब्ररी मला कायमची बंद. पेपर मात्र देता येणार. सहानुभूती माझ्याच बाजूला आहे, असं वाटतं.

२७ मार्च
लायब्ररीच बंद, अभ्यास कुठे करणार? सर्वांनी ठरवून माझी वाट लावली आहे.

२८ मार्च, शुक्रवार
पेपर तीन तासांचा. पस्तीस मिनिटांनी बाहेर आलो. उत्तरपत्रिकेवर नंबर व्यवस्थित लिहिला आहे.

ताई अर्धी ड्यूटी सोडून गेटवर उभी होती. पेपर मस्त गेला, म्हटलं.  कोपऱ्यापर्यंत चाललो. मग कसं कोण जाणे, खरं बोलून गेलो. मला त्यातलं एक अक्षर येत नाही, म्हटलं. पहिल्या वेळीही येत नव्हतं. ती म्हणाली, माहीत आहे, पहिल्यापासून माहीत आहे.

मग हमीपत्रावर सही कशाला केलीस, मी विचारलं. आवाज चढला असावा, कारण ती एक पाऊल मागे सरली. ती म्हणाली की नाही म्हटलं असतं, तर तू घरी कोणावर हात उचलला असतास, याची भीती वाटली. आईसुद्धा म्हणाली की सही कर.

मी चिडलो. खूप चिडलो. दोन्ही हात खिशात घातले आणि तसेच घरापर्यंत ठेवले. ताई रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालत होती.