दोघांचा भात

बुधवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. माधुरीवन्सं चांदवडहून आल्या आणि माझ्या हातातली जपानी कादंबरी बघून म्हणाल्या, "वहिनी, दादाला जाऊन वर्षही झालं नाही आणि तुम्ही गोष्टी वाचताय? त्याही परक्या देशातल्या?"

परक्या? त्यातली म्हातारी नवरा गेल्यावरही रोज दोघांचा भात लावते. मीही लावते. आठ महिने इथं जो तो मला "सावरा" म्हणून गेला. त्या भाताचं कुणाला कळलं? मग मराठीत आलेली ती जपानी बाईच मला जवळची वाटली, तर माझं चुकलं कुठे?

हे सगळं वन्संना तोंडावर सुनावलं. भाताचंही सांगून टाकलं.  मग त्या हळूच म्हणाल्या, "मी अजून दादाचा नंबर लावते. बंद लागतो."

असं होतं तर आधी का नाही बोलल्या? इतके दिवस मला नुसते उपदेश! मी चिडून ती कादंबरीच त्यांच्या पिशवीत कोंबली. माझी शेवटची चाळीस पानं राहिली होती. त्यांनी ती आधी वाचली, तर उद्या फोनवर मलाच शेवट सांगतील.

सांगू देत.