आठ वाजताचं वाक्य

दक्षिण कसबा, सोलापूर
३ जून २०२५

चि. दिपालीस चन्नप्पामामाचे अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र का, म्हणून हसू नकोस. तुझ्या मामीचे डोळे साखरेनं अधू झाले, पण कान असे की गल्लीत कुणी कुजबुजलं तरी ही घरातून उत्तर देते. आणि हे तिला कळू द्यायचं नाही.

आमच्या अमरेशनं जुन्या लॅपटॉपवर तिच्या औषधांसाठी केलेला प्रोग्राम तुला ठाऊक आहे. दिवसातून तीनदा त्याचाच आवाज येतो. सकाळी आठला तो म्हणतो, अव्वा, उपाशीपोटी निळ्या डबीतली गोळी घे की. ही ‘व्हय रं’ म्हणते आणि घेते. पोरगं अपघातात जाऊन सहा महिने झाले, पण ‘व्हय रं’ एक दिवस चुकलेलं नाही.

आता डॉक्टरांनी ती गोळी बदलली. नवी उपाशीपोटी घेतली की साखर एकदम उतरते. मी समजावलं, तर म्हणाली, पोरगं सांगतंय ते खोटं का? परवा मोरीपाशी चक्कर येऊन पडली. आधी खाऊ घालायला जावं, तर तोंड मिटून आठाची वाट बघते. सध्या डबीत कॅल्शियमची गोळी ठेवतोय. पण खाल्ल्यावर खरी द्यायला गेलो, की सकाळची झाली की, म्हणून हात झटकते. यंत्र बंद करावं, तर दुपारचे डोळ्यांचे थेंब आणि संध्याकाळची गोळी सांगणाराही तोच.

तू तिकडून चुटकीसरशी करून देशील. नको. ते वाक्य पुसायचंच असेल तर बापाच्या हातानं पुसलं जावं. तेव्हा ही पायथन नावाची विद्या मला शिकव. तीस वर्षं शाळेत पोरांकडून संस्कृतची शब्दरूपं घोकून घेतली, तुझ्याकडूनही. आता माझा कान धर.

तुझा मामा,
चन्नप्पा

पुणे
९ जून २०२५

ती. मामांस दिपालीचा शि. सा. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा ऑफिसच्या जिन्यात बसून.

आता धडा. अमरेशनं ‘औषध’ नावाचा क्लास केलाय. क्लास म्हणजे साचा. त्यातून सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीन ऑब्जेक्ट काढलीत. प्रत्येकाची वेळ आपली, आवाज आपला. क्लासमध्ये लिहिलेली कामं म्हणजे मेथड. त्यातली रेकॉर्ड नावाची चालवली, की माइक सुरू होतो आणि त्या ऑब्जेक्टच्या जुन्या आवाजावर नवा चढतो. साच्याला हात लावू नका, तिन्ही बिघडतील. आधी सराव म्हणून भाकरीचा क्लास लिहून पाठवा. तुमची छडी अजून आठवते; मी लाल पेन विकत आणलंय.

मामीला जपा, आणि स्वतःलाही.

तुमची भाची,
दिपाली

सोलापूर
१७ जून २०२५

चि. दिपालीस आशीर्वाद.

गृहपाठ सोबत आहे. दोन भाकरी काढल्या, एक कडक, एक मऊ. तुमचा क्लास म्हणजे आमच्या न्यायशास्त्रातलं घटत्व आणि ऑब्जेक्ट म्हणजे घट. एवढ्यासाठी तुझ्या बापानं कॉलेजची फी भरली? मात्र प्रत्येक मेथडच्या कंसात आधी लिहावा लागणाऱ्या ‘सेल्फ’नं चकित केलं. ‘स्व’ म्हणजे कोण, यावर आमच्याकडे अडीच हजार वर्षं भांडण चालू आहे. तुम्ही तो पहिल्याच कंसात बसवून मोकळे!

उद्या मामी देवळात गेली की काम उरकतो. घाबरू नकोस, पोराचं वाक्य जाऊ देणार नाही. आधी ‘जुनी = सकाळ’ अशी ओळ लिहून ते ‘जुनी’ या नावानं बाजूला ठेवणार, मगच सकाळवर माझा आवाज चढवणार. एवढं आता मला येतं.

मामा

पुणे
२१ जून २०२५

ती. मामांस शि. सा. नमस्कार.

पत्र आज हाती पडलं. लगेच फोन केला. मामीनं घेतला. म्हणाली, तीन दिवस झाले, हे लॅपटॉपपुढं बसून हायत, बोलत न्हाईत. तेव्हाच कळलं.

मामा, त्या ओळीनं प्रत होत नाही. त्याच वस्तूला दुसरं नाव मिळतं, एवढंच. प्रत करायचा धडा मी पुढच्या पत्रासाठी ठेवला होता. चूक माझी आहे. तो सोबत लिहिलाय. उरलेल्या दोन आवाजांच्या फाइल आजच वेगळ्या ठेवा. माझ्यावर रागवा, पण बोला.

दिपाली

सोलापूर
२९ जून २०२५

चि. दिपालीस अनेक आशीर्वाद.

रागावू कुणावर? ‘जुनी’ वाजवली, तर माझाच आवाज बाहेर आला. शिवाची हजार नावं मला पाठ. हजार नावं म्हणजे हजार देव नव्हेत, हे मी वर्गात शिकवलंय. लाल पेनानं माझ्या वहीवर काय लिहायचं ते लिही.

रेकॉर्ड करताना मोठी अडचण झाली ती हाकेची. अठ्ठावीस वर्षं तिला ‘अमरेशच्या अव्वा’ म्हणत आलो. ते यंत्रातून रोज वाजवायला जीभ रेटेना. शेवटी नाव घेतलं. लग्नातल्या उखाण्यानंतर पहिल्यांदाच.

पहिल्या दिवशी आठ वाजता माझा आवाज आला, तशी ती उठली, लॅपटॉपवर हात ठेवून उभी राहिली. गोळी घेतली नाही. चौथ्या दिवशी विचारलं, पोराचं कुठं गेलं? सगळं सांगितलं, तुझे धडेसुद्धा. तिनं एवढंच विचारलं, पुसताना दुसऱ्या कुणाचा हात तर लागला न्हाई ना? नाही म्हटलं. मग भाकरी मागितली.

दुपार आणि संध्याकाळ तुझ्या धड्याप्रमाणे जपून ठेवली. डॉक्टरांनाही सांगून आलोय, ती दोन औषधं बदलायची झाली तर आधी मला बोलवा. ते हसले. मी हसलो नाही.

आज आठला यंत्र म्हणालं, काशम्मा, भाकरी खा, मग निळ्या डबीतली गोळी घे की. ती ‘व्हय’ म्हणाली. खाल्ली, खरी गोळी घेतली.

‘रं’ तेवढं तिनं दुपारच्या थेंबांसाठी ठेवलंय.

सवड काढून ये. आम्ही दोघं आहोत.

तुझा मामा,
चन्नप्पा