तुम्हाला काय दिवाळी

शिर्डी
१६ डिसेंबर २०२५

ती. महेंद्रदादास,
दीपाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुरुंगात तुझं अक्षर सुधारलं; शाळेत बाईंना जे जमलं नाही ते सरकारनं करून दाखवलं. आईची शुगर आटोक्यात आहे, तोंड मात्र नाही.

हॉटेलात नाताळची गर्दी सुरू झाली. मॅनेजर झाल्यापासून हे माझं चौथं वर्ष. एकतीस तारखेपर्यंत एकही खोली रिकामी नाही. तरी मी सहा जणांना आळीपाळीनं सुट्टी दिली. धुलाईचा वैजनाथ पाथर्डीकडं गावी जाणार आहे, त्याच्या चादरींना मीच इस्त्री करणार. स्वयंपाक्याच्या घरी लग्न, म्हणून सकाळचा चहा-नाष्टाही माझ्याकडं. मालक म्हणतात, मॅडम, तुमच्यासारखं माणूस शोधून सापडणार नाही. अठरा दिवस झाले, घरी निजले नाही.

परवा खोलीवरून दोन कुटुंबांत जुंपली. एकानं स्टीलचं स्टूल दुसऱ्याच्या डोक्यात घातलं. रजिस्टरवर रक्त उडालं. मी ते फडक्यानं पुसलं आणि पुढच्याला आधार कार्ड मागितलं. काल वेटरच्या हातून कप फुटला, तर मी त्याच्या कानाखाली वाजवली. दादा, खरं सांगते, मारल्यावर बरं वाटलं. आणखी एक द्यावी असं वाटलं.

एक तारखेला आई भीमा कोरेगावला चल म्हणते. मला कुठलं जमतंय? स्वतःला जप, आणि या धाकटीवर माया असू दे.

तुझी,
दीपा

विसापूर कारागृह
२१ डिसेंबर २०२५

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र चारदा वाचलं. 'बरं वाटलं' इथं येऊन दरवेळी अडकलो. कोर्टात मी सगळं सांगितलं, तुला कधी सांगितलं नाही. आता ऐक.

सुप्याच्या कारखान्यात दिवाळी आली की सगळे माझ्याकडं यायचे. साहेब, तुमाला काय दिवाळी, आमाला सोडा. मीही हसून सोडायचो. आपण दिवाळी करत नाही, मग थांबायला काय बिघडतं? मला त्यात मोठेपणा वाटायचा. त्या वर्षी नऊ जण सोडले आणि नऊ जणांचं काम अंगावर घेतलं. बाविसाव्या दिवशी मशीन अडलं. मी पाना घेऊन त्याच्याशी झटत होतो, तेवढ्यात त्या नऊ जणांतला पुंजाराम सुट्टीवरून आला. एक दिवस उशिरा, हातात स्टीलचा डबा, तोंडभर हसू. म्हणाला, साहेब, तुमाला काय दिवाळी, म्हून आईनं फराळ दिलाय.

मी पाना त्याच्या तोंडावर मारला. तो पडला तरी मारत राहिलो. चौघांनी मागं ओढलं तेव्हा थांबलो. त्याचा डावा डोळा गालावर आला होता.

तुला ठाऊक आहे, मी कोंबडी कापतानाही तोंड फिरवायचो. पुंजारामवर माझा काडीचाही राग नव्हता. मीच दिलेली सुट्टी मी त्याच्याकडून वसूल करत होतो.

सुट्टी दे, पण त्यांची कामं अंगावर घेऊ नकोस. मालकाला सांग, जादा माणसं लाव. चाव्या कुणाच्या तरी हातात दे आणि एक तारखेला आईबरोबर कोरेगावला जा. तो आपला दिवस आहे. मला इथं दर रविवारी सुट्टी असते. ती मिळायला पुंजारामचा डोळा जावा लागला. मला भीती वाटते, दीपा. लगेच उत्तर पाठव.

तुझा,
महेंद्रदादा

शिर्डी
३ जानेवारी २०२६

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र एकोणतीसला मिळालं. वाचून चिडले. गुन्हेगारानं मला शिकवावं, असं मनात आलं. माफ कर.

तीस तारखेला वैजनाथ उगवला, एक दिवस उशिरा. मी चादरींच्या ढिगात उभी, हातात तापलेली इस्त्री. तो म्हणाला, मॅडम, तुमाला कुठं गावाकडं जायला मिळतं, म्हून रानातला हरभरा आनला. दादा, मी इस्त्री त्याच्या तोंडावर भिरकावली. वायर आखूड पडली. हिसका बसून ती उलटी माझ्याच मनगटावर आदळली. कातडी सोलून निघाली. वायर हातभर लांब असती, तर हे पत्र मी तुरुंगातून लिहिलं असतं.

वैजनाथनंच माझा हात नळाखाली धरला. मग मी त्या मारलेल्या वेटरला बोलावून सगळ्यांसमोर माफी मागितली, चाव्यांचा जुडगा रिसेप्शनच्या ज्योतीला दिला आणि घर गाठलं. मालक फोनवर ओरडले, ओरडू दिलं. चौदा तास झोपले.

एक तारखेला आईबरोबर मानवंदना दिली. येताना सुप्याला उतरलो. पुंजारामच्या बायकोनं आम्हाला ओळखलं आणि पायातली चप्पल काढून आईला हाणली. आई जागची हलली नाही. आतून तो म्हणाला, येऊ दे त्यांना. डोळ्याच्या जागी नुसता खळगा आहे, बघवत नाही. त्यानं एवढंच विचारलं, साहेबांनी त्यो डबा उघडला हुता का? मी म्हटलं, दादाला विचारून सांगते. तू सांग.

तुझी,
दीपा

विसापूर कारागृह
९ जानेवारी २०२६

चि. दीपास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मनगटाला रोज मलम लाव. आईला सांग, तिला बसलेली चप्पल माझ्या वाट्याची होती.

पुंजारामला खोटं सांगू नकोस. डबा उघडला नाही. रक्तात पडला होता, पोलिसांनी तसाच पंचनाम्यात घेतला. कोर्टात टेबलावर ठेवला तेव्हा मी तो पहिल्यांदा नीट पाहिला. भांड्यांवर नावं घालून घेतात तसं झाकणावर टोचून घेतलं होतं: महेंद्र साहेब. फराळ तर माझा होताच, डबाही मलाच द्यायला आणला होता.

फराळात काय काय होतं, ते त्याला विचारून कळव. आणि वैजनाथनं आणलेला हरभरा खाल्लास की नाही, ते तू लिहिलं नाहीस. वाळला असला तरी खा.

तुझा,
महेंद्रदादा