मधल्या जागेची किंमत

११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तू आणि आयडेला मामी मजेत असाल. आई म्हणाली, तुम्ही दोघं दक्षिणेत, हाउमा गावाच्या खाली, पाण्याकाठच्या घरी गेलात आणि तिथे फोन लागत नाही. म्हणून पत्र. पहिला कागद खाडाखोड झाल्यामुळे फाडला, हा दुसरा आहे.

इथे तळं पार आतपर्यंत गोठलंय. तुझी गाडी दर रविवारी सुरू करून ठेवतो. संघातला फेतु अजून तुझ्या तळघरातच राहतो, आणि जेवायला मला बोलावतो. परवा त्याने तुझ्या पद्धतीचा लाल घेवडा केला होता. चमचा उभा राहिला. तोच म्हणाला, "आजोबांना कळवू नकोस, ते पायी येतील मला मारायला." तू सगळ्यांत वयस्कर खेळाडू म्हणून सगळा संघ तुला आजोबा म्हणतो, तसा तोही म्हणतो, पण तो एकटाच ते सख्ख्या आजोबांना म्हणावं तसं म्हणतो.

कामाचं सांगायचं म्हणजे, संघात कुणाला ठेवायचं ते ठरवणाऱ्या लुंडक्विस्ट साहेबांनी या मोसमातल्या आपल्या फुटबॉल संघाच्या बचावफळीच्या फिल्म बघून प्रत्येकाला गुण द्यायचं काम माझ्याकडे दिलंय. तुझ्यासकट. मी म्हटलं, साहेब, तो माझा मामा आहे, हे काम दुसऱ्याला द्या. ते म्हणाले, "म्हणूनच तुला देतोय. तू भित्रा आहेस. लोक आपल्या माणसाला एक गुण जास्त देतात, तू एक कमी देशील. तेवढं मी धरून चालेन." मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर तुझं नाव यादीत राहिलं तर साठ लाख डॉलर द्यावेच लागतात, हे तुला ठाऊक आहेच. त्याआधी त्यांना ठरवायचंय.

ऑक्टोबरपर्यंतचे सामने फार सुंदर आहेत, मामा. वर्तमानपत्रवाले तू चेंडू घेऊन पळणाऱ्या किती जणांना पाडलंस ते मोजतात, पण तुझं काम ते नाही, मधली जागा अडवून धरायचं आहे. समोरच्यांनी तुला हटवायला किती माणसं खर्च केली, ते मी मोजतो. दर दुसऱ्या डावात दोघं. एकदा तर तिघं आले, आणि तरी तू जागचा हलला नाहीस. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

नोव्हेंबर अजून बघायचाय. म्हणजे बघून झालाय, पण पुन्हा बघायचाय.

मामीला नमस्कार. मासे मिळतात का ते कळव.

तुझा,
कॉर्लिस


२२ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं कार्ड मिळालं. पुढे माशाचं चित्र, मागे एकच ओळ: नोव्हेंबरचं काय? मामी काय म्हणते, तब्येत कशी आहे, काही नाही. तू विचारलंस म्हणून लिहितो. लिहू का, हे मी साहेबांना आधी विचारून घेतलंय. ते म्हणाले, "खुशाल लिही. पैशांचा आकडा खेळाडूला एजंट सांगतो, पण त्यामागचं कारण कुणीच सांगत नाही."

नोव्हेंबरपासून समोरचे तुझ्यावर एकच माणूस घालतात. पहिल्या काही डावांत दोघं असतात, मग एकच, तेवढा पुरतो. तुझा उजवा कोपर पूर्ण सरळ होत नाही आणि चेंडू सुटल्यावर तुझं पाऊल उशिरा पडतं. तरी मधून कुणी पळून गेलं नाही, म्हणून मी गुण देत गेलो. अंगावर एकच माणूस असला तरी मामाने मधली जागा बंद ठेवली, असं लिहिलं. दोन दिवस मी खुशीत होतो.

मग फेतुच्या गुणांचं पान घेतलं. तो तुझ्या डावीकडे उभा असतो, त्याने बाहेरची बाजू सांभाळायची. आणि तो दर वेळी आत सरतो. बाहेर मैदान मोकळं पडतं आणि समोरचा चेंडू घेऊन तिथूनच पळतो. नियमाप्रमाणे प्रत्येक वेळी एक गुण वजा. त्याचं पान बघून साहेब म्हणाले, "पोरगा शिस्तीत राहत नाही. ह्याला सोडू, आजोबांना ठेवू."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मामा, फेतु बूटसुद्धा भिंतीला समांतर ठेवतो. तो बेशिस्त कसा असेल? संध्याकाळी मी त्याला विचारलं.

"तू आत का सरतोस?"

"झोप येते."

"प्रत्येक डावात?"

"कॉर्ली, जेव. गार होतंय."

"फेतु, तुला काढायचं चाललंय."

त्याने चमचा खाली ठेवला. "आणि आजोबा?"

"त्यांना ठेवणार."

"मग तोंड पाडून काय बसलास? भात वाढू?"

"आणि तिकडे बेटावर, पागो पागोला, आईला काय सांगशील?"

"सांगेन, थंडी सोसली नाही. तिला पटेल. मी इथे आलो तेव्हाच तिने चार रजया दिल्या होत्या."

मग तो भांडी घासायला उठला. एकच पातेलं तो बराच वेळ घासत होता.

मी त्या रात्री सगळं परत लावून बघितलं. तो आत येतो तो थेट तुझ्या जागेत. तू जिथे मागे ढकलला जातोस, तिथे तो आधीच पोचलेला असतो. मधली जागा तू बंद ठेवली नव्हतीस. त्याने ठेवली, आणि बाहेरून कुणी पळालं त्याचा दोष स्वतःच्या नावावर घेतला.

तू समोर बघत असतोस, शेजारी काय चाललंय ते तुला दिसत नसणार. तुला हे माहीत नसणार, म्हणून कळवतो.

तुझा,
कॉर्लिस


३ मार्च

प्रिय मामा,

तुझं उत्तर आलं नाही. हे पत्र कुरिअरने पाठवतोय, उद्या पोचेल.

काल बैठक झाली. आधी बैठकीचंच सांगतो.

साहेबांनी विचारलं, "तुझ्या मामाची किंमत किती?" मी म्हणालो, पूर्ण सामन्याची किंमत आता लावता येणार नाही. पण प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीला, पाय ताजे असताना, पंधरा-वीस डाव तो अजूनही दोघांना अडवतो. डिसेंबरातसुद्धा अडवले आहेत, फिल्म आहे. तेवढ्यासाठी त्याला ठेवा. "किती पैशांत?" मी म्हणालो, बारा लाख. साठाचे बारा. हे बोलताना माझा आवाज एवढा बारीक झाला की मला ते परत सांगावं लागलं.

साहेब म्हणाले, "आता थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला कुठे जाशील रे?"

"घरीच जाईन," मी म्हणालो. "वाढतील की नाही, ते तिथे गेल्यावर कळेल."

सगळे हसले. मग मी फेतुचं सांगितलं, की तो बेशिस्त नाही, मधलं भगदाड बुजवत होता. साहेबांना अर्धंच पटलं. "कुणाच्या सांगण्यावरून? स्वतःच्या मनाने जागा सोडणारा आज मधलं बुजवेल, उद्या आणखी काही करेल. मला असा माणूस नको." मी म्हणालो, ते मला मामाला विचारावं लागेल. ते म्हणाले, शुक्रवारी दुपारपर्यंत विचार.

तर विचारतो.

मैदानाच्या टोकाला एक कॅमेरा असतो, तो खेळाडूंना पाठमोरं दाखवतो. बाजूच्या कॅमेऱ्यात जे दिसत नाही ते त्यात दिसतं. माझं मागचं पत्र टाकून झाल्यावर मी त्याची फिल्म लावली, आधी लावायला हवी होती. खाली वाकण्याआधी तुझा डावा हात मागून फेतुकडे जातो आणि त्याच्या मांडीवर दोनदा पडतो. मग तो आत सरतो. ज्या डावात तुझा हात जात नाही, त्या डावात फेतु आपल्या जागेवर असतो, जिथे असायला हवा तिथेच, आणि तिथून कुणी पुढे जात नाही.

मी हे खूपदा बघितलं. वाटलं, हात झटकत असशील. कोपर दुखत असेल. पण नाही, मामा. तू त्याला बोलावतोस, आणि तो येतो. त्याला तू घर दिलंस, जेवायला घातलंस, तो नाही कसा म्हणेल? आणि त्यानंतर मार्कर हातात घेऊन मी त्याला वजा देत होतो.

मी कॉलेज सोडून आलो तेव्हा तू साहेबांना म्हणाला होतास, "ह्या पोराला दुसरं काही येत नाही, पण हा बघतो. ह्याला बघायचे पैसे द्या." मी बघितलं.

बैठकीत हाताबद्दल मी बोललो नाही. ते तू सांगावंस असं मला वाटतं. तू सांगितलंस तर कदाचित ते बारा लाखही देणार नाहीत, हे मला कळतं. कोपराचं विचारतील, डॉक्टर लावतील. पण तू नाही सांगितलंस तर शुक्रवारी दुपारी मी साहेबांसमोर त्या कॅमेऱ्याची फिल्म लावणार आहे. तुला न सांगता लावली असती तर मला तुझ्या दारात उभं राहता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

फेतुने सामान बांधायला घेतलंय. तुझं तळघर त्याने आधी झाडून घेतलं.

गावात जा, तिथे फोन लागतो. आधी साहेबांना कर. मग फेतुला. मला सगळ्यांत शेवटी कर, आणि मनात नसेल तर करू नकोस.

तुझाच भाचा,
कॉर्लिस