अर्धा पुष्कराज

ता. ९ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र पोचलं. नातीने दोनदा वाचून दाखवलं. इकडे सगळे खुशाल. माझे गुडघे कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे, तेव्हा काळजी नसावी. लिहायला नातच बसली आहे. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. दिवसभर लोकांना "तोंड उघडा" म्हणते आणि घरी आली की मला "आजी, आता मिटा" म्हणते. अक्षर तिचं, शब्द माझे. मध्येच कुठे गोडवा लागला तर तो तिने पदरचा घातला असं समजा.

जाऊबाईंचा राग शांत व्हावा म्हणून तुम्ही त्यांच्या बोटात मोती घातलात असं कळलं. त्यांना म्हणावं, लिंबू पिळताना काढून ठेवा. मोती मऊ असतो, आंबटाने झिजतो. जाऊबाई काही त्यानं झिजायच्या नाहीत.

आता तुमच्या सत्काराचं. पैलू पाडणाऱ्यांच्या संघाने तुम्हाला निवडलं, शाल मिळणार, भाषणं होणार. "वहिनी, पहिल्या रांगेत तुमची खुर्ची राखून ठेवली आहे" असं तुम्ही लिहिलंत. बरं वाटलं. एवढी वर्षं तुमच्या उंबऱ्यात मला पाट मिळाला नाही, आता एकदम खुर्ची.

आणि खालचं ते दुसरं. "दादाकडचा अर्धा पुष्कराज पाठवून द्या. माझ्याकडचा अर्धा आणि तो, दोन्ही शेजारी मांडू. खाली पाटी लावू: निष्णात हातही चुकतो. नव्या कारागिरांना धडा मिळेल."

इथे नातीचं पेन थांबलं. "आजी, आता तरी सांगा, कुठला पुष्कराज?" घरात कधी कुणी बोललंच नाही ना. तेव्हा तिला सांगते, तुम्हीही ऐका. तुम्हाला पाठ असेल, पण माझ्या तोंडून कधी ऐकलं नसेल.

बाळ, तो खरा पुष्कराज होता. पिवळ्या नीलमालाच पुष्कराज म्हणून गळ्यात मारतात, तसला नव्हे. खोल जमिनीत तापलेला खडक निवत असतो, त्याच्या पोकळीत वाफ कोंडते, त्या वाफेतून हा कणाकणाने वाढतो. इतका कठीण की गारगोटीवर सहज ओरखडा काढावा. पण त्याच्या अंगात एक खोड असते. एकाच दिशेने तो आडवा चिरतो, सुरीने कापल्यासारखा सपाट. चाकावर त्याला महिनाभर घासा, काही होत नाही. हातातून फरशीवर पडला, नेमका त्या अंगावर आपटला, की संपलं.

तुझ्या आजोबांकडे एका सराफाने तसला एक खडा दिला होता, मधाच्या रंगाचा, पेरूएवढा. आजोबा पैलू पाडायचे. हे भाऊजी तेव्हा त्यांच्या हाताखाली. संध्याकाळी भाऊजींचं काम एकच: दुसऱ्या दिवशीचे खडे तापलेल्या लाखेने काडीच्या टोकाला डकवून ठेवायचे. लाखेची वाटीसारखी बैठक करायची आणि खडा तिच्यात बसवायचा. सकाळी आजोबांनी काडी उचलली, खडा चाकाला लावला, आणि वरचा अर्धा अलगद निघून त्यांच्या मांडीवर पडला.

भाऊजी, तुम्ही केवढ्याने ओरडलात! "दादा, हात थरथरला तुझा! मी पाहिलं!" सगळे कारागीर उठून आले. तुम्ही दोन्ही तुकडे उचललेत, फडक्याने पुसलेत, एक त्यांच्या तळहातावर ठेवलात आणि त्यांची बोटं स्वतःच्या हाताने मिटलीत. मी दारात उभी होते. म्हटलं, किती माया या धाकट्याची.

त्यानंतर सराफ तुमच्याकडे आले, कारखाना तुमच्याकडे आला. तुमचे दादा खडी निवडायच्या कामाला लागले. दगड चिरला, त्यात बोलायचं काय?

नात म्हणते, तुकडा आहे कुठे? कपाटात, कापडाच्या थैलीत. यांनी ती कधी उघडली नाही आणि मीही नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा पहिल्यांदा सोडली. म्हटलं, भाऊजींनी मागितलाय, मळका कशाला पाठवायचा? नातीला दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणायला सांगितलं होतं, कशाला ते नाही. चिरलेल्या सपाट तोंडावर एका कडेला जरासा फिरवला.

कापूस पिवळा झाला.

तुकडा न दाखवता नुसता कापूस नातीच्या नाकाशी धरला, "वास घे." ती म्हणाली, "आजी, हा तर लाखेचा." तेव्हा तिला काय कळणार त्याचा अर्थ! लाख स्पिरिटने विरघळते, दगड नाही. आणि लाख असते खड्याच्या बाहेर, बुडाशी. चाकावर चिरलेल्या खड्याच्या आत, दोन तोंडांच्या मधोमध, ती कशी शिरेल? एकाच रीतीने. खडा आधी चिरला. मग कुणीतरी मध्ये लाख लावून तो जोडला, जोड बैठकीच्या काठाआड दडवला, आणि सकाळी येणाऱ्या हाताची वाट बघत बसला. मधाच्या रंगावर लाखेचा रंग. कुणाला दिसणार?

तुमच्या हातून पडला ना, भाऊजी, संध्याकाळी?

पडला असता तर पडला असता. हे चार शिव्या देऊन मोकळे झाले असते, मी चहा टाकला असता. पण तुम्ही तो त्यांच्या हातात पडेल असा ठेवलात.

आता जे सांगणार नव्हते ते सांगते. बाळ, लिही, रडू नकोस, शाई फुटेल. तुमचे दादा रोज उठल्यावर माझ्यासमोर हात धरायचे. पंजा पसरून, खिडकीच्या उजेडात. "बघ गं, थरथरतो का?" मी म्हणायचे, "नाही हो." ते म्हणायचे, "तुला दिसत नाही." शेवटच्या आजारात आवाज गेला, तरी पांघरुणातून हात बाहेर काढायचे आणि माझ्याकडे बघायचे. खांबासारखा स्थिर हात होता, भाऊजी. शेवटपर्यंत.

तेव्हा मी येते. तुकडा पाठवत नाही, घेऊनच येते. कापूस फक्त एका कडेला फिरवलाय, बाकीची लाख जशीच्या तशी आहे. तुमच्या संघाचा तो म्हातारा उस्ताद, ज्याला माणसांपेक्षा दगड जास्त कळतात, तो माझ्या शेजारी बसेल अशी सोय मी करून घेतली आहे. त्याला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, स्पिरिट मी आणतो, तुम्ही फक्त या." मी तिथे भाषण करणार नाही. मला काय येतं? तुकडा त्याच्या हातात देईन आणि तुमच्याकडे बघत बसेन.

तुमच्याकडचा अर्धा आता घासून पुसून लख्ख करावासा वाटेल. करा की. एकाच खड्याचं एक तोंड लाखेने माखलेलं आणि दुसरं नुकतंच धुतलेलं, हे बघून कारागीर काय विचारतील ते मला सांगायला नको. नाही पुसलात तर दोन्हीकडे एकच डाग. सत्कार पुढे ढकललात तर मी कारखान्याच्या दारात येऊन बसते. गुडघे दुखतात, पण बसता येतं.

आधी कळवायचं कशाला, असं नात विचारते. अगं, नुसतं पकडून काय मजा? तुझे आजोबा रोज सकाळी उठून स्वतःचा हात बघायचे. सत्काराच्या दिवसापर्यंत भाऊजींनीही बघावा.

ती पाटी मात्र लावा हं, मी आल्यावर. शब्द चांगले आहेत. फक्त खाली कुणाचा हात ते लिहायचं राहिलंय, ते उस्ताद लिहील.

पत्राच्या शेवटी थोरल्या वहिनीने आशीर्वाद लिहायचा असतो. नात विचारते, लिहू का? लिही म्हटलं: जाऊबाईंना अनेक आशीर्वाद, सुनांना, नातवंडांना आशीर्वाद. भाऊजींची ओळ कोरी सोड.

खाली माझा अंगठा.

तुमच्या दादांची बायको