आपण की आम्ही

प्रिय गोपीताई,

आज दुपारी नगरहून पार्सल आलं. तुमच्या लेखांच्या पुस्तकाच्या पाच प्रती, छापखान्याची चिठ्ठी आणि भरपूर सुतळी. टपालखर्च दोन रुपये दहा पैसे. सुतळी गुंडाळून ठेवली, एक प्रत देवापुढे ठेवली आणि लगेच लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले, पण ही बातमी आधी दुसऱ्या कोणाला कशी सांगू?

पाचव्या पानावरच तुमची ती पहिली सभा आहे. फाळणीत कराची सोडून नेवाशात आलात, मराठी माझ्याकडे शिकलात आणि थेट पंचायत समितीला उभ्या राहिलात. म्हणालात, "आम्ही पाणी आणणार." साळूबाई मागून ओरडली, "तुमी आना बाई. आमी ऱ्हातो तान्हेल्या." केवढा हशा!

परत येताना मी सांगितलं, 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. तुम्ही रस्त्यातच थांबलात. "लोक मला बाहेरची म्हणतात, आणि मीच त्यांना बाहेर ठेवत होते?"

मग तुमचं सगळंच 'आपलं' झालं. "आपले यजमान फार खोकतात हो," असं माझ्या ह्यांच्याबद्दल भर आळीत म्हणालात. आठवतं? हे आठवडाभर तुमच्यासमोर आले नाहीत.

पण दुष्काळी कामावर साहेबांना म्हणालात, "आपली पोरं उन्हात आहेत." ते म्हणाले, "तुमची कुठली, बाई?" तुम्ही साळूबाईची नात उचललीत आणि त्यांच्याच जीपच्या सावलीत जाऊन बसलात. दुसऱ्या दिवशी पोरांसाठी मांडव उभा राहिला.

तेव्हा मलाही बोलावलं होतंत. मी उपासाचं निमित्त सांगितलं. लेख तेवढे सुवाच्य उतरवून दिले. रागावला का नाहीत?

आता पंचायत समितीतली तुमची जागा रिकामी आहे. सकाळी साळूबाई आली. "अर्ज भरा, वयनी. न्हाईतर सरपंचाचा मेव्हणा बसंल तितं." हे म्हणाले, "चारचौघांत बोलता येईल का?" म्हणून मी साळूबाईला घेऊन माउलींच्या देवळात गेले, खांबापुढे उभी राहून बोलून पाहिलं. आणि ताई, पहिलाच शब्द निघाला, 'आम्ही'. साळूबाई हसून हसून खालीच बसली.

तरी उद्या अर्ज भरते. भाषण 'आपण'नेच सुरू होईल, माउलींची शपथ. एकच शंका आहे. 'आपण'मध्ये ऐकणारा येतो, हे मीच शिकवलं. मग त्यात तुम्ही अजून आहात ना? उलट टपाली कळवावे.

तुमची मास्तरीण,
शांता